सात खोडून तीन

१२ मार्च

चि. धाकट्यास,

'चि.' सवयीने लिहिलं गेलं. खोडणार होते, पण ठेवलं. तू भरपूर जगावंस अशी माझी खरोखर इच्छा आहे. मला जे करायचं आहे त्याला वेळ लागणार आहे, आणि तू मध्येच निसटून गेलास तर माझी सगळी मेहनत वाया जाईल.

अक्षर ओळखू आलं नाही तरी ते माझंच आहे. पेन धरता यायला लागून चारच दिवस झाले. एकतीस वर्षं मुलींच्या शाळेत कवायत शिकवली, दोरावर चढून दाखवलं, आणि आता पेनाचं टोपण काढताना अंगठा थरथरतो. एवढ्या ओळी लिहायला अर्धा तास गेला. समोरच्या दारची शेजारीण मध्ये येऊन म्हणाली, "मी लिहून देऊ का?" मी नको म्हटलं. काही गोष्टी स्वतःच्या हातानेच लिहाव्या लागतात.

परवा इस्पितळातून घरी आले. तू गाडीपर्यंत माझी पिशवी घेऊन आलास, दार धरलंस, आणि मी तुझ्याकडे पाहिलं नाही. तुला वाटलं असेल, आजारपणाने म्हातारी चिडखोर झाली. मी चिडखोर आधीपासून आहे. पाहिलं नाही ते कागदामुळे.

सुट्टी देताना मी माझ्या केसपेपरांची नक्कल मागून घेतली होती. मुलींच्या प्रगतिपुस्तकांवर आयुष्य गेलेलं, माझ्याबद्दल कुणी काय लिहिलंय ते मी वाचणारच. पहिल्याच पानावर, मला दाखल केलं त्या सकाळच्या, एक चौकट आहे. 'दोन आठवड्यांपूर्वी रुग्णाची अवस्था' असं वर छापलेलं. खाली एक ते नऊमधला आकडा लिहायचा. एक म्हणजे ठणठणीत, नऊ म्हणजे संपत आलेला. म्हाताऱ्या माणसाला नळी घालून यंत्रावर ठेवायचं की नाही, हे ठरवताना ते नुसतं वय बघत नाहीत, हा आकडाही बघतात. आधी चालता-फिरता असलेला माणूस त्यातून उठण्याची आशा असते. अंथरुणाला खिळलेला बहुतेक उठत नाही, नुसते हाल होतात.

माझ्या चौकटीत सात आहे. सात म्हणजे सगळ्यासाठी दुसऱ्यावर अवलंबून. शेजारी बारीक अक्षरात लिहिलंय: 'माहिती देणारा: भाऊ, फोनवरून. स्वतः उठत नाही. अंघोळ, कपडे, सगळ्याला मदत लागते. म्हणतात, तिला उगाच त्रास देऊ नका.'

वेळ नऊ वाजून दहा.

मग तो सात आडवी रेघ मारून खोडलाय आणि वर वेगळ्या पेनाने तीन लिहिलाय. 'माहिती देणारी: शेजारीण.' वेळ नऊ पंचावन्न. समोरची माझा चष्मा आणि चपला घेऊन मागून आली होती, ती. तिने तिथे जे सांगितलं ते मला तोंडपाठ आहे, कारण मी तिच्याकडून तीनदा ऐकलंय: "कोण उठत नाही? या बाईने मागच्या आठवड्यात गच्चीवर एकटीने ओल्या चादरी पिळल्यात. माझ्या डोक्यावर पाणी पडलं म्हणून आमचं भांडण झालंय."

नऊ दहा ते नऊ पंचावन्न. पंचेचाळीस मिनिटं, धाकट्या. एक तास पुरा व्हायची घंटा होईपर्यंत शाळेत जेवढा वेळ जायचा तेवढा. दोन्ही फुप्फुसांत पाणी भरलेलं, आणि मी पंचेचाळीस मिनिटं त्या सातावर पडून होते. भांडखोर शेजारीण नसती तर तू आज माझा फोटो भिंतीवर सरळ करत असतास.

मी काय करणार आहे ते आत्ताच सांगून ठेवते. मी चालायला शिकणार आहे. तुझ्या घराच्या बेचाळीस पायऱ्या कुणाचा हात न धरता चढणार आहे. हा कागद तुझ्या टेबलावर, तुझ्या त्या दुरुस्तीसाठी उघड्या पडलेल्या शिवणयंत्रांच्या मधोमध ठेवणार आहे, आणि विचारणार आहे. बसून नाही. उभी राहून.

आशीर्वाद सध्या शिल्लक नाहीत.

ताई


२ एप्रिल

चि. धाकट्यास,

प्रगती कळवते. तुला कळायलाच हवी.

आज खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठले. एकदा. व्यायामबाई म्हणते, अर्ध्या मिनिटात बारा वेळा उठता आलं की जिन्याचं बोलू. ही व्यायामबाई इस्पितळापासून माझ्या मागे आहे, आठवड्यातून तीनदा घरी येते. पन्नाशीची आहे, गुडघे तिचेही वाजतात, पण दयामाया काडीची नाही. मला अगदी पसंत आहे. मी तिला म्हटलं, "तुम्ही माझ्या शाळेत असतात तर तुम्हाला वर्गप्रमुख केलं असतं." ती म्हणाली, "बोलण्यात दम घालवू नका, उठा."

तुला वाटतं इस्पितळातून घरी आलं म्हणजे माणूस बरा झाला. मलाही वाटायचं. नऊ दिवस यंत्रावर पडलं की पाय असे होतात की ते आपले वाटत नाहीत. मांडीचं मांस गेलंय, कातडी पिशवीसारखी लोंबते. पहिल्यांदा मला पलंगाच्या कडेवर पाय खाली सोडून बसवलं तेव्हा दोघींनी धरलं होतं आणि तरी माझी मान एका बाजूला कलत होती. मान, धाकट्या. मी जिने हजारो मुलींना 'मान ताठ' म्हणून ओरडून सांगितलं.

नळी घशात असताना तहान लागते. पाणी समोर दिसतं आणि कुणी देत नाही. मला छतावर मुंग्या दिसायच्या, रांगेत, आणि त्यांची रांग वाकडी जायची, ती सरळ करायला मी हात उचलायची तर हात बांधलेले. नळी ओढू नये म्हणून बांधतात. रोज वाटायचं, कुणीतरी मला शिक्षा करतंय, काय चुकलं ते मात्र सांगत नाही.

यातली प्रत्येक गोष्ट मी लक्षात ठेवली आहे. आणि तुझा आवाज, 'तिला उगाच त्रास देऊ नका', हा मी ऐकलेला नाही, पण रोज सकाळी व्यायामाला तोच लावते. बाई म्हणते, दहा वेळा पाय उचला. मी तुझं ते वाक्य मनात म्हणते आणि अकरा वेळा उचलते.

तू महिन्या-दोन महिन्यांनी येत होतास ना? डोळ्यांनी बघत होतास ना मला? मग कुठल्या तोंडाने सांगितलंस?

ताई


९ मे

धाकट्या,

तुझं पत्र मिळालं. पत्र कसलं, दोन ओळी. यंत्राच्या पावतीमागे लिहून पाठवल्यास. पुन्हा वाचायची गरज नाही, तरी वाचते आहे:

'ताई, डॉक्टरांना मी तेच सांगितलं जे तू मला दर रविवारी फोनवर सांगत होतीस. मी आलो तेव्हा तू झोपूनच असायचीस.'

बस. बेचाळीस पायऱ्या चढायचं कारण आता दुप्पट झालं. स्वतःचं निस्तरायचं सोडून माझ्यावर ढकलतोस. लहानपणी काचेची बरणी फोडून हेच केलं होतंस.

उत्तर देणार नाही.


१४ मे

धाकट्या,

उत्तर देते आहे.

पाच दिवस व्यायाम नीट झाला नाही. बाईने विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "पाय दुखतो." ती म्हणाली, "पाय दुखणाऱ्या माणसाचं तोंड असं नसतं." म्हणून लिहिते आणि एकदाच लिहिते. याच्यावर तू पुढे कधी बोललास तर मी ऐकणार नाही.

माझी भावजय गेली त्यानंतर तू त्या यंत्रांत डोकं खुपसून बसलास. तुझं दुःख मला कळत होतं. पण माझ्याकडे येणं तू बंद केलंस. रविवारी दहाला फोन, "बरी आहेस ना?" "बरी आहे." "मग ठेवू?" एवढंच. सहा-सहा महिने तुझं तोंड दिसायचं नाही.

मग एका रविवारी माझा गुडघा खरोखरच दुखत होता. मी तसं म्हटलं. तू दोन तासांत दारात. हातात तेलाची बाटली, खांद्याला अवजारांची पिशवी तशीच. तू माझ्या गुडघ्याला तेल लावलंस आणि आपण संध्याकाळपर्यंत आईच्या गोष्टी बोलत बसलो. तुला आठवत नसेल. मला तो पूर्ण दिवस आठवतो.

पुढच्या वेळी गुडघ्यावर तू आला नाहीस. म्हणून कंबर. मग चक्कर. मग 'उठून पाणीही घेता येत नाही'. प्रत्येक वेळी आधीपेक्षा मोठं काहीतरी लागायचं. तू येतोय म्हणालास की मी यांची काठी माळ्यावरून काढून पलंगाला टेकवून ठेवायची, वेणी सोडायची आणि पांघरूण घेऊन पडायची. तू गेलास की पंधरा मिनिटांत मी गच्चीवर. समोरचीला सगळं माहीत होतं. ती म्हणायची, "तुमचा तमाशा बघायला तिकीट लावा."

अंघोळीचं मीच बोलले होते. दाखल व्हायच्या तीन आठवडे आधी. 'आता अंघोळही जमत नाही रे, कुणी घातली तर.' तू गप्प झालास. मला वाटलं, आता दर आठवड्याला येईल. त्या गप्प बसण्यात तू काय ठरवत होतास, मला कुठे माहीत.

झालं सांगून. तरीही मी तुला सोडलेलं नाही. तू माझा भाऊ आहेस. माझं खोटं तुला ओळखता यायला हवं होतं. एका पांघरुणाखाली वाढलो आपण. सत्तर वर्षं ओळखणारा माणूस आणि त्याला कवायतीची बाई झोपून राहिली तर संशय येत नाही? शिवणयंत्राची सुई केसभर वाकडी असली तर तुला आवाजावरून कळतं. माझा आवाज कळला नाही.

'तिला उगाच त्रास देऊ नका' हे तर मी तुला शिकवलं नव्हतं ना? ते तुझं स्वतःचं. त्यासाठी मी येते आहे.

ताई


२० जुलै

चि. धाकट्यास,

अर्ध्या मिनिटात नऊ वेळा. काठी घेऊन रस्त्याने एकटी चालते. आता ती काठी खरी लागते, आणि तुला हसायचं असेल तर आत्ताच हसून घे.

तुला एक गोष्ट माहीत नाही. गेला महिनाभर मी तुझ्या घरासमोर येते.

व्यायामबाईने रोज बाहेर चालायला सांगितलंय आणि जिथे जायचं तिथे काहीतरी काम असावं म्हणाली, म्हणजे कंटाळा येत नाही. मी काम शोधलं. बसने येते, तुझ्या इमारतीसमोर औषधांच्या दुकानाबाहेर बाक आहे, तिथे बसते. दुकानदार भला माणूस आहे, त्याला वाटतं मी बसची वाट बघते. तुझ्या जिन्याला बाहेरच्या बाजूने सिमेंटची जाळी आहे. खालून वर चढणारा माणूस जाळीतून तुकड्या-तुकड्यात दिसतो.

शत्रू कधी घरात असतो, कधी बाहेर जातो, हे आधी माहीत हवं. माझ्याकडे शाळेचं थांबघड्याळ आहे अजून, आणि एक वही. तुझी माहिती वाचून दाखवते. दहा वाजता बाहेर पडतोस. बाराच्या सुमाराला कुणाचंतरी यंत्र खांद्यावर घेऊन येतोस. नुसता वरचा लोखंडी भागसुद्धा बारा किलोचा असतो, तूच मला एकदा सांगितलं होतंस. ते खांद्यावर घेऊन बेचाळीस पायऱ्या, एक मिनिट पाच सेकंद. मध्ये थांबत नाहीस. एकाहत्तराव्या वर्षी. उतरताना कठड्याला हातही लावत नाहीस, हे मात्र चुकीचं आहे.

बघून माझी तळपायाची आग मस्तकात जाते. मी अठ्ठ्याहत्तरची, तू एकाहत्तरचा, पण सात वर्षांचा फरक एवढा नसतो. तुझ्या पायांचा मला इतका मत्सर वाटतो की परवा बसमधून उतरताना मी मुद्दाम काठी टेकवली नाही.

आणि तू तरी आहेस कसा? माझी चार पत्रं आली, मी येणार म्हणून बजावून सांगितलं, तरी एकदा उतरून आला नाहीस माझ्याकडे. घाबरलास का?

ताई


२७ सप्टेंबर

चि. धाकट्यास,

बारा. अर्ध्या मिनिटात बारा. काल.

व्यायामबाईने माझ्या पाठीवर थाप मारली, पहिल्यांदाच. आमच्या इमारतीचा जिना मी रोज दोनदा चढते-उतरते आहे, अठ्ठावीस पायऱ्या. उरल्या चौदा. पुढच्या गुरुवारी, सकाळी अकरा वाजता, मी तुझ्याकडे येते आहे. घरात राहा. दार मी वाजवणार नाही, उघडं ठेव.

आणखी एक. तुझी तब्येत उतरलेली दिसते. वहीत लिहिलंय ते असं: अठरा तारखेला पहिल्या मजल्यावर तुझं डोकं जाळीतून दिसेनासं झालं, म्हणजे तू खाली बसलास. तीन मिनिटं. बावीसला दुसऱ्या मजल्यावर, चार मिनिटं. पंचवीसला पुन्हा दुसऱ्यावर, चार मिनिटं दहा सेकंद. वर हातात यंत्रही नव्हतं, नुसती अवजारांची पिशवी.

खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मी बाकावर बसून थांबघड्याळ हातात घेऊन मोजत होते आणि मनात म्हणत होते, बस खाली, आता तुला कळेल. घरी येताना बसमध्ये सबंध वेळ मी गालात हसत होते.

रात्री झोप लागली नाही, ते वेगळं. गुरुवार विसरू नकोस.

ताई


१ ऑक्टोबर

धाकट्या,

आज मंगळवार. गुरुवारला अजून दोन दिवस होते. तेवढाही धीर धरला नाहीस.

ही पानं त्याच वहीतली फाडलेली आहेत. अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसून लिहिते आहे. आपल्या मधे एक दार आहे, त्याला गोल काच आहे, आणि त्यातून फक्त तुझे पाय दिसतात. चादरीखाली. हलत नाहीत.

सकाळी साडेदहाला फोन आला. तू तुझ्या कागदांत जवळचं नातेवाईक म्हणून माझं नाव घातलंयस, हे मला आज कळलं. पोटात जखम होऊन आतडं फुटलंय, विष अंगभर पसरतंय, गिऱ्हाइकाच्या घरी कोसळलास. मी काठी विसरून निघाले. इथे पोचले तेव्हा लक्षात आलं की हातात फक्त वही आहे.

डॉक्टर तीच निघाली, जिने माझा सात लिहिला होता आणि खोडलाही होता. चष्मेवाली. तिने मला ओळखलं. "आजी, तुम्ही चालत आलात?" म्हणाली, आणि लगेच कामाला लागली. "आता नीट आठवून सांगा. ऑपरेशन मोठं आहे, नंतर काही दिवस यंत्रावर ठेवावं लागेल. दोन आठवड्यांपूर्वी तुमचे भाऊ कसे होते?"

तीच चौकट. मोकळी. तिच्या हातात पेन.

मी वही उघडली. सांगितलं: तीन मजले चढतो, बारा किलो खांद्यावर घेऊन, एक मिनिट पाच सेकंद. एकटा राहतो, स्वतःचं सगळं करतो, रोज कामाला जातो. तारखेनिशी सांगितलं. ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "एवढं कुणीच सांगत नाही." मग तिने विचारलं, "गेल्या आठवड्या-दोन आठवड्यांत काही बदल? जिना चढताना दम लागायचा? मध्ये बसावं लागायचं?"

आता ऐक. माझा अंगठा त्या पानावर होता. अठरा, बावीस, पंचवीस. खाली बसला. चार मिनिटं. मला खोटंसुद्धा बोलायचं नव्हतं, धाकट्या. जे लिहिलंय ते नुसतं वाचायचं होतं. सात महिने ज्या दिवसासाठी पाय उचलत होते तो दिवस माझ्या पुढ्यात आणून ठेवलेला, आणि कुणी माझ्याकडे बोट दाखवू शकलं नसतं. वर 'त्याला उगाच त्रास देऊ नका' असं म्हटलं असतं की झालं.

आणि ते वाक्य माझ्या तोंडात खरोखर आलं. सूड म्हणून नाही. नळी, तहान, ते बांधलेले हात, सगळं आठवलं आणि वाटलं, माझ्या धाकट्याला हे नको. तेव्हा मला कळलं की तू ते कशासाठी म्हणाला होतास. यासाठी मी तुझ्याकडे उभी राहून जाब मागणार होते.

मी एकतीस वर्षांत एका मुलीला अर्धा गुण फुकट दिला नाही. मी वही मिटली आणि म्हटलं, "नाही. कुठे बसत नाही. सरळ चढतो."

तिने तीन लिहिला.

ऑपरेशन होऊन तुला इथे आत आणलंय त्याला दोन तास होऊन गेले. मी चुकीचं सांगितलं असेल तर तुझे हाल मी केले असं होईल. मला भीती वाटते आहे. सूड घ्यायलासुद्धा समोर माणूस लागतो, एवढं लक्षात ठेव आणि बाहेर ये.

ताई


११ ऑक्टोबर

चि. धाकट्यास,

हे पत्र टपालाने येणार नाही. उद्या मी तुला वाचून दाखवणार आहे. आज नळी निघाली, पण तुला बोलता येत नाही आणि मान कलते, म्हणजे मध्येच उठून जाण्याचा प्रश्न नाही. अशी संधी मला पुन्हा मिळायची नाही.

काल तुझा चष्मा आणि दाढीचं सामान आणायला तुझ्या घरी गेले होते. किल्ली तुझ्या खिशातल्या वस्तूंबरोबर मला दिली त्यांनी. कागद बरोबर घेतला होता. माणूस नसला तर नसला, टेबल तर आहे, असं म्हटलं.

चौदा पायऱ्या चढले आणि पहिल्या मजल्याच्या कोपऱ्यात बसायला एक आसन दिसलं. भिंतीला पक्कं ठोकलेलं, छोटं, फळीचं. मला वाटलं भाडेकरूंचं असेल. मी त्याच्याकडे ढुंकून पाहिलं नाही, वर निघाले. दुसऱ्या मजल्यावर तसंच दुसरं. तिथे माझा दम संपला होता म्हणून नीट बघितलं. फळी शिवणयंत्राच्या टेबलाची होती. कडेला इंचांच्या खुणा होत्या, अर्धवट पुसलेल्या. खाली चार स्क्रू.

तुझ्या खालच्या मजल्यावरच्या बाई दार उघडून उभ्या होत्या. मी विचारलं, "हे कुणाचं?" त्या म्हणाल्या, "त्यांनीच बसवलंय. दोन-तीन दिवस खाली बसून भिंतीला भोकं पाडत होते. मुलांना दम भरलाय, कुणी बसायचं नाही, माझी बहीण येणार आहे म्हणाले."

चार मिनिटं. चार मिनिटं दहा सेकंद. तू दमून बसला नव्हतास.

मी डॉक्टरणीला खोटं समजून सांगितलं आणि ते खरंच होतं. तू खरं समजून सांगितलंस आणि ते खोटं होतं. आई असती तर आपल्या दोघांना कान धरून उभं केलं असतं, आणि मला जरा जास्त वेळ.

कागद तुझ्या टेबलावर ठेवलाय, यंत्रांच्या मधोमध, जसं ठरवलं होतं तसा. तो तिथेच राहील. तू घरी गेलास की बघशील. पण आता तो वाचायचा म्हणजे तुला बेचाळीस पायऱ्या चढाव्या लागतील, आणि आज तुझी अवस्था अशी आहे की तुला चमचा तोंडापर्यंत नेता येत नाही.

तर माझा सूड असा आहे. तू बरा होणार आहेस. अगदी सगळा त्रास होणार आहे तुला, उगाच नव्हे, मुद्दाम. तुला उठवणार, तू पडणार, तुला पुन्हा उठवणार. तू रडशील. मी दोनदा रडले होते, तुला कधी सांगितलं नाही. व्यायामबाईला मी सांगून ठेवलंय की याला दया दाखवायची नाही, आणि तिने हे आनंदाने मान्य केलंय. 'बरं वाटत नाही' हे वाक्य माझ्यापुढे चालणार नाही. त्या वाक्याची सगळी नाटकं माझी स्वतःची करून झाली आहेत.

दुसऱ्या मजल्यावर मी बसले होते. ते तुला सांगणार नव्हते. किती वेळ ते मोजलं नाही. घड्याळ पिशवीतच राहिलं.

उद्या सकाळी दहा वाजता तुला पलंगाच्या कडेवर बसवणार आहेत. मी शाळेतली शिट्टी शोधून ठेवली आहे. काठी आणणार नाही. ती मला आता लागत नाही, आणि तुला मी मिळू देणार नाही.

अनेक आशीर्वाद.

ताई